महागाई आणि गरिबाचे ताट

तथागत भगवान बुद्ध एकदा आळवी नगरीत आले होते. धम्मपदाच्या अट्ठकथेत ही कथा आलेली आहे. त्यांचा उपदेश ऐकावा म्हणून एक गरीब शेतकरी घरून निघणार होता. पण नेमका त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधत तो रानोमाळ हिंडला. बैल सापडल्यावर उशीर झालेला असताना, उपाशीपोटी तो तसाच सभेत येऊन बसला. भगवंत त्याच्यासाठी थांबून राहिले होते. तो आल्यावर त्यांनी आधी अन्न शिल्लक आहे का याची चौकशी केली आणि त्याला पोटभर जेवू घालण्यास सांगितले. तो जेवला, त्याचे चित्त शांत झाले, आणि मग त्यांनी धम्म सांगितला. काही भिक्खूंना याचे नवल वाटले. तेव्हा भुकेइतका मोठा रोग नाही आणि भुकेच्या पीडेत माणसाला धम्म समजत नाही, असे भगवंतांनी त्यांना समजावून दिले.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजही आपल्याला विचार करायला लावते. आज आपल्या वस्तीत रात्री उपाशी झोपणारे घर क्वचितच दिसते. स्वस्त धान्य दुकानातून गहू-तांदूळ मिळतो. म्हणून आपण म्हणतो, ‘आता कोणी उपाशी नाही.’ पण अंगणवाडीत वजन-उंची घेतली की मूल वयापेक्षा लहान निघते. आरोग्य केंद्रात रक्त तपासले की बाईच्या अंगात रक्त कमी भरते. मग हे कशाने होते? महागाई वाढली की गरिबाचे ताट एकदम रिकामे होत नाही. ते आतून पोकळ होते. प्रस्तुत लेखात ही पोकळी कशी पडते, ती दिसत का नाही, आणि तिच्यासाठी आपण काय करू शकतो, याचा विचार करावयाचा आहे.

१. महागाई सर्वांना सारखी नसते

महागाई म्हणजे पैशाची खरेदीशक्ती कमी होणे, ही व्याख्या विद्यार्थी मित्रांना ठाऊक आहे. परंतु एकच भाववाढ दोन घरांत दोन प्रकारे लागते. १८५७ साली एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक नियम मांडला. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या एकूण खर्चात अन्नाचा वाटा मोठा, असा तो नियम. आपल्या देशातील २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागात एकूण खर्चाच्या सुमारे ४७ टक्के आणि शहरी भागात सुमारे ४० टक्के खर्च अन्नावर होत असल्याचे आढळले. ही सर्वांची मिळून सरासरी आहे. त्यात सधन शेतकरीही आला आणि भूमिहीन मजूरही आला. मजुराच्या घरात हा वाटा सरासरीपेक्षा मोठाच असणार. अन्नाचे भाव वाढले की ज्याचा निम्म्याहून अधिक पैसा अन्नावर जातो, त्याला दुसरीकडून काही काढून आणायला जागाच उरत नाही.

दुसरा फरक मिळकतीचा. मी बँकेत लिपिक आहे. माझ्या पगारात महागाई भत्ता आहे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी तो जोडलेला असतो आणि दर तीन महिन्यांनी त्याची फेरआखणी होते. भाव वाढले की थोड्या उशिराने का होईना, माझा पगार भावामागे चालतो. शेतमजुराच्या पाठीशी असा निर्देशांक नाही. रोजगार हमीच्या मजुरीचा दर वर्षातून एकदा बदलत आला. महाराष्ट्रात तो २०१५-१६ मध्ये दिवसाला १८१ रुपये होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देशातील अनेक शहरांत तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली होती. दिवसभर माती वाहून एक किलो डाळ आली नसती. २०२४-२५ मध्ये हा दर २९७ रुपये झाला. पण हे दर कागदावरचे. शेतातली मजुरी हंगामावर ठरते. सोंगणीला आणि कापूस वेचणीला हाताला काम असते, उन्हाळ्यात नसते. भाव मात्र उन्हाळ्यात सुट्टी घेत नाहीत.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती. ‘रुपयाचा प्रश्न’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. रुपयाचा विनिमय दर उतरला की निर्यातदाराला फायदा होतो, असे त्या काळी मोठ्या कौतुकाने सांगितले जाई. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कोठून? रुपया घसरला की देशात भाव चढतात. मजुरी मात्र त्या मानाने चढत नाही. म्हणजे व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या पदरातून जातो, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणूनच परदेशी चलनातील दरापेक्षा देशातील रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहण्याला त्यांनी महत्त्व दिले. १९२५ साली भारतीय चलनाविषयीच्या शाही आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. आपण त्यांच्याकडे घटनाकार म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. परंतु मजुराच्या हातातील रुपयाचा हिशेब मांडणारे अर्थशास्त्रज्ञ म्हणूनही त्यांना वाचले पाहिजे.

२. पोट भरणे आणि पोषण होणे

अन्नाचे काम दुहेरी आहे. एक, शरीराला शक्ती देणे. दुसरे, शरीर बांधणे आणि त्याची झीज भरून काढणे. भात, पोळी, भाकर यांतून मुख्यतः शक्ती मिळते. डाळी, दूध, अंडी, मांस-मासळी, शेंगदाणे यांतून प्रथिने मिळतात. हिरव्या पालेभाज्या, भाज्या आणि फळे यांतून लोह, चुना व जीवनसत्त्वे मिळतात. तेलातून शक्ती मिळतेच, शिवाय काही जीवनसत्त्वे अंगी लागायला तेलाची मदत होते. यांपैकी एक गोष्ट दुसरीची जागा पूर्ण घेऊ शकत नाही.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. शक्ती देणारे अन्न कमी पडले, तर शरीर प्रथिनेच सरपणासारखी जाळून टाकते. म्हणून आधी पोट भरले पाहिजे, हे खरे. पण पोट भरल्यावर प्रश्न संपत नाही, तेथे दुसरा प्रश्न सुरू होतो. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच तांदळात त्याच्या सुमारे तिसरा हिस्सा. कांडलेल्या पांढऱ्या तांदळात लोहही नाममात्र असते. ज्वारी-बाजरीत ते त्याच्या कितीतरी पट असते.

आता रेशनकडे पाहू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळू लागले. जानेवारी २०२३ पासून ते मोफत करण्यात आले. या कायद्याने गरिबाच्या चुलीला मोठा आधार दिला, याबद्दल दुमत नसावे. परंतु हिशेब करून पाहा. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. त्यातून साधारण पावणेसहाशे उष्मांक मिळतात. शेतात राबणाऱ्या बाईला दिवसाला दोन हजारांच्या वर उष्मांक लागतात. म्हणजे उरलेले धान्य, सगळी डाळ, सगळे तेल, भाजी, दूध आणि अंडी हे सर्व बाजारातून विकत आणायचे. ज्या वस्तूंचे भाव सर्वात जास्त उसळी घेतात, त्या नेमक्या याच.

३. ताटातून आधी काय जाते

एक साधे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, पाच माणसांचे घर आहे. माणशी दिवसाला ५० ग्रॅम डाळ धरली, तर महिन्याला साडेसात किलो लागते. तेल तीन किलो. रोज एक किलो भाजी. दोन लेकरांना रोज एक-एक अंडे, म्हणजे ६० अंडी. डाळ १०० रुपये, तेल १०० रुपये, भाजी ३० रुपये आणि अंडे ५ रुपये असताना खर्च होतो:

डाळ ७५० + तेल ३०० + भाजी ९०० + अंडी ३०० = २,२५० रुपये.

आता डाळ १६०, तेल १५०, भाजी ५० आणि अंडे ७ रुपये झाले, तर:

डाळ १,२०० + तेल ४५० + भाजी १,५०० + अंडी ४२० = ३,५७० रुपये.

फरक १,३२० रुपयांचा. दिवसाची मजुरी ३०० रुपये धरली, तर चार दिवसांहून अधिक मजुरी गेली. तीही तेच अन्न पूर्वीइतकेच खाण्यासाठी, जास्त काही खाण्यासाठी नव्हे. एवढी जास्त मजुरी आणायची कोठून? घरभाडे, औषध, वह्या-पुस्तके, गाडीभाडे यांना कात्री लावता येत नाही. बचत गटाचा हप्ता चुकवता येत नाही. कात्री लागते ती ताटाला, कारण ताटाचा तगादा लावायला दारात कोणी येत नाही.

ही कात्रीही एका ठरलेल्या क्रमाने लागते. फळे बहुधा आधीच नसतात. मग दूध चहापुरते उरते. मग अंडी जातात. भाजीऐवजी मिरचीचा ठेचा किंवा बटाट्याचा रस्सा येतो. वरण पातळ होते. तेल फोडणीपुरते राहते. सर्वात शेवटी धान्य. म्हणजे जे शरीर बांधते ते आधी जाते, आणि जे पोट भरते ते शेवटपर्यंत राहते. वरच्या घरात रोजची अडीचशे ग्रॅम डाळ शंभरावर आली, तर त्या घरातून दिवसाला सुमारे ३३ ग्रॅम प्रथिने कमी झाली. भांडे तेवढेच भरलेले दिसते, कारण त्यात पाणी वाढलेले असते.

ही गोष्ट मला पुस्तकापेक्षा आमच्या घरातच अधिक कळली. आमच्याकडे धुणे-भांडी करायला एक ताई येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातील अन्नपदार्थांच्या किरकोळ महागाईचा दर १०.८७ टक्के होता; भाज्यांचे भाव तर वर्षभरात ४२ टक्क्यांनी चढले होते. त्याच सुमारास मी घरी वाढलेल्या महागाई भत्त्याविषयी बोलत होतो. पत्नीने विचारले, ‘ताईंचा पगार आपण शेवटचा कधी वाढवला?’ हिशेब केला. तीन वर्षे झाली होती. दुसऱ्या दिवशी मी ताईंना विचारले, ‘महागाईत काय कमी केलं?’ त्या सहज म्हणाल्या, ‘काही कमी नाही केलं, भाऊ. पोट तं भरतेच. फक्त वरण पातळ केलं अन् लेकराईचे अंडे बंद केले.’ ‘आणि तुम्ही?’ ‘मी काय, चहासंग पोळी खातो.’

त्यांच्या दृष्टीने काही कमी झालेच नव्हते. महागाईवर लेख लिहिणाऱ्या माझ्याही दृष्टीला ते तीन वर्षे दिसले नव्हते.

४. आपल्या जिल्ह्यातील चित्र

बुलडाणा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला आहे. दोन्हीकडे एकेकाळी ज्वारी हे मुख्य अन्न होते. ज्वारीच्या ओळींत तूर असे; मूग-उडीद, तीळ, जवस, अंबाडी हे सारे थोडे थोडे त्याच वावरात होत असे. मजुरालाही मजुरी म्हणून ज्वारी मिळे. चून-भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे गरिबाचे जेवण होते. ते साधे होते. पण त्यात धान्य, डाळ, तेलबी आणि पाला हे चारही आले होते. तो सुवर्णकाळ होता, असे मात्र मी म्हणणार नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात होती. त्या वेळी परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर माणसे जगली, हे तिच्या तोंडून ऐकले आहे. जुन्या काळी जातीमुळे आपल्या वाट्याला काय अन्न येत होते, तेही आपण विसरू नये.

गेल्या तीन-चार दशकांत घाटावर सोयाबीन आले आणि घाटाखाली कापूस होताच. ज्वारीचे क्षेत्र आटले. ज्वारी आता अनेकदा गव्हापेक्षा महाग असते आणि मजुराच्या घरातील भाकरीची जागा रेशनच्या तांदळाने घेतली आहे. मजुरी रोख मिळते. रोख हातात आली हे चांगले झाले. गुलामी सैल झाली. पण अन्न बाजाराच्या ताब्यात गेले.

सोयाबीनचे पाहा. त्यात १८ ते २० टक्के तेल आणि ३५ ते ४० टक्के प्रथिने असतात. आपल्या वावरातून पोतीच्या पोती प्रथिने निघतात, कारखान्यात जातात, तेल वेगळे होते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशात जाते. ते पिकवणाऱ्या मजुराच्या लेकराच्या ताटात ना ती प्रथिने येतात, ना त्या कोंबडीचे अंडे येते. दुसरीकडे आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो. म्हणून २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा त्याची झळ आपल्या आठवडी बाजारातील तेलाच्या पुड्याला लागली.

तुरीचेही तसेच. २०१५ मध्ये डाळ दोनशेवर गेली, म्हणून शेतकऱ्यांनी तूर पेरली. २०१६-१७ मध्ये भरघोस पीक आले आणि बाजारभाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाच्याही खाली कोसळला. विदर्भात खरेदी केंद्रांवर तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. एका वर्षी खाणारा मेला, दुसऱ्या वर्षी पिकवणारा. ज्याची दोन एकर कोरडवाहू आहे आणि जो मजुरीलाही जातो, तो दोन्ही वर्षी मेला. देशात १९६१ साली दर माणशी रोज ६९ ग्रॅम डाळ उपलब्ध होती. २००७ साली ती ३५.५ ग्रॅमवर आली. पुढे उत्पादन व आयात वाढल्याने हा आकडा सुधारला. पण महाग डाळ उपलब्ध असणे आणि ती ताटात येणे यांत अंतर आहे.

आणखी एक उदाहरण आपल्या जिल्ह्याचे आहे. राज्यातील चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत बुलडाणा येतो. या जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य स्वस्त दराने मिळत होते. २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये बँक खात्यात देण्याचे ठरले. २०२४ मध्ये ते १७० झाले. खात्यात पैसे जमा होणे सोयीचे खरे. पण विद्यार्थ्यांनी यातील अर्थशास्त्र समजून घ्यावे. पाच किलो धान्य भाव कितीही वाढले तरी पाच किलोच राहते. दीडशे रुपये मात्र भाव वाढले की दीडशे राहत नाहीत.

५. बाईचे ताट आणि लेकराचे ताट

घरात अन्न कमी पडले की ते सर्वांना सारखे कमी पडत नाही. आधी घरधनी, मग मुले, मग म्हातारी माणसे, आणि शेवटी जे भांड्याच्या बुडाशी उरेल ते बाई खाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हे प्रमाण ४८ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण ५४ टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर गेले. पाच वर्षांखालील १०० मुलांमागे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. रक्तक्षयाला जंत, आजार, लहान वयातील लग्न आणि बाळंतपण ही कारणेही आहेत. सगळा दोष एका महागाईला देता येणार नाही. पण डाळ-भाजी-अंडे नसलेल्या ताटाने त्यातून बाहेर कसे पडायचे?

गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे सुमारे एक हजार दिवस मेंदूच्या आणि शरीराच्या वाढीला सर्वात मोलाचे असतात. महागाई येते आणि उतरते. २०२३ च्या जुलैत टोमॅटो कित्येक शहरांत दीडशेवर गेला आणि काही महिन्यांत खाली आला. २०२४ मध्ये भाज्या-डाळी चढल्या, २०२५ मध्ये उतरल्या. वर्तमानपत्रात आनंदाची बातमी येते. पण त्या चढत्या वर्षात जे लेकरू एक वर्षाचे होते, त्याचे ते वर्ष भाव उतरल्यावर परत येत नाही. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे. वर्गात डोके जड पडणारे, लक्ष न लागणारे, मागच्या बाकावर पेंगणारे मूल मठ्ठ आहे असे म्हणण्यापूर्वी त्याने सकाळी काय खाल्ले, हे विचारायला हवे.

६. योजनांचा दर आणि बाजाराचा दर

बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाडीतील मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तिचे प्रमाण आहे. त्यासाठीचा खर्च २०१७ मध्ये मुलामागे दिवसाला ८ रुपये ठरला आणि २०२४ सालीही तो तेवढाच होता. शालेय पोषण आहारात धान्याव्यतिरिक्त डाळ, भाजी, तेल, इंधन यांसाठी प्राथमिक शाळेतील मुलामागे मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे ठरले. दर ठरतो, कागदावर राहतो, आणि बाजार पुढे निघून जातो. घरातील वरण पातळ होते, तसेच मग शाळेतील वरणही पातळ होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी बंद झाला आणि अंडे लोकसहभागावर सोडण्यात आले. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. ज्या लेकराच्या घरातून महागाईने अंडे काढून घेतले, त्याच्या शाळेतूनही ते गेले.

७. हा आपल्या चळवळीचाही प्रश्न आहे

काहींना वाटेल, धम्माच्या स्मरणिकेत डाळ-तेलाचे भाव कशाला? त्यांनी १९६४ साल आठवावे. त्या वर्षी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन दिले आणि ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह केला. लाखो लोक तुरुंगात गेले. संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी, या मागण्या आपल्या स्मरणात आहेत. त्याच यादीत धान्याचे योग्य वाटप करावे, वाढत्या किमती रोखाव्यात आणि किमान वेतन कायदा अमलात आणावा, याही मागण्या होत्या. आपल्या आजी-आजोबांनी स्वाभिमान आणि भाकर यांना वेगळे मानले नव्हते.

८. आपण काय करू शकतो

भाव ठरवणे आपल्या हाती नाही. पण काही गोष्टी निश्चित आपल्या हाती आहेत.

(१) ज्यांना महागाई भत्ता मिळतो, अशा नोकरदार बांधवांनी आपल्या घरी वा शेतात काम करणाऱ्यांची मजुरी दरवर्षी न मागता वाढवावी. आपला भत्ता वाढतो तेव्हा त्यांचाही वाढावा. आमच्या घरी आता तसे ठरवले आहे.

(२) वस्तीतील प्रत्येक घराची शिधापत्रिका तपासावी. सुनेचे आणि नवजात बाळाचे नाव त्यात आहे का, सर्वांची पडताळणी झाली आहे का, हे पाहावे. महाविद्यालयीन विद्यार्थी हे काम दोन रविवारांत करू शकतील. कामासाठी परगावी जाणाऱ्या कुटुंबांना तेथेही धान्य घेता येते, हे त्यांना सांगावे.

(३) जयंती आणि वर्धापन दिनाच्या भोजनदानातील गोड पदार्थाचा खर्च कमी करून त्या रकमेतून गावच्या शाळेला अंडी द्यावीत. लोकसहभागाची वाट शासनाने मोकळी ठेवली आहे, तर तो सहभाग आपला असावा. जे अंडे खात नाहीत, त्यांच्यासाठी केळी वा शेंगदाण्याचा लाडू ठेवावा. त्याचबरोबर बंद झालेला निधी पुन्हा सुरू करावा, यासाठी निवेदनही द्यावे. दान दिले म्हणून हक्क सोडायचा नसतो.

(४) विहाराच्या आवारात शेवग्याची चार झाडे लावावीत. पावसाळ्यात तरोटा, घोळ, चिवळ या रानभाज्या फुकट मिळतात. त्या गरिबाच्या म्हणून कमी लेखू नयेत. मटकी-मुगाला मोड आणून खावे आणि पालेभाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अधिक अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्याने ते कमी लागते. शेतातील सोयाबीन उकळून, वाळवून, भाजून दहा भागांत एक भाग या प्रमाणात गव्हात दळावे. कच्चे सोयाबीन मात्र वापरू नये.

(५) दारूवर जाणारा रुपया हा डाळीतून जाणारा रुपया आहे. पंचशीलातील पाचवे शील घरात पाळले गेले, तर त्याचा पहिला परिणाम ताटात दिसेल.

(६) घरातील सर्वांनी एकत्र बसून जेवावे. बाई शेवटी जेवते तोवर आपल्या घरात समता आलेली नाही, हे मान्य करावे. याला एक पैसाही खर्च येत नाही.

प्रत्येक गृहिणी आणि प्रत्येक विद्यार्थी यांनी एक आठवडा घरातील ताटाची नोंद ठेवून पाहावी. डाळ किती दिवस, भाजी किती दिवस, अंडे वा दूध किती दिवस, आणि आईने काय खाल्ले, एवढे चार रकाने पुरेत. बँकेच्या पासबुकापेक्षा ही वही घराची खरी शिल्लक सांगेल.

आळवीच्या सभेत भगवंतांनी सर्वांना थांबवून एका भुकेल्या माणसाला आधी जेवू घातले. आपणही विहारात त्रिशरण-पंचशील घेण्यासाठी बसताना सभोवार एकदा पाहावे. शेवटच्या रांगेत कामावरून थकून आलेली जी माय-माउली बसली आहे, तिने आज काय खाल्ले, हे विचारावे. ‘पोट भरलं’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

जय भीम! जय भारत!